सत्तेचाळीस कोटी तऱ्हांची पत्रिका

कोल्हापूर, बुधवार

तीर्थरूप दादास,

धाकट्या संयोगिताचा नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनींना सांगा, शाहूवाडीचा तांदूळ पोचला आणि अर्धा संपलाही.

अनुजाचं लग्न तुमच्या गणिताने सावरलं, हे आधी लिहिते. ह्यांच्या भावकीतले बारा वडीलधारे पत्रिकेवर निमंत्रक असतात, आणि ज्याचं नाव खाली जातं तो मांडवात येत नाही. (नणंदेच्या लग्नाला तिघे आले नव्हते. तो विषय अजून निघतो.) वयाने लावावं, तर निम्म्यांच्या जन्मतारखा शाळेत घालताना अंदाजाने टाकलेल्या. शिक्षणाने लावावं, तर कुणी पुढे येईना. छापखान्याचे अमीनभाई नऊ नमुने काढून दमले, तेव्हा मी तुम्हाला विचारलं.

तुमचं उत्तर बैठकीत मोठ्याने वाचलं. बारा नावं सत्तेचाळीस कोटी नव्वद लाख एक हजार सहाशे तऱ्हांनी लावता येतात. सयाजी भाऊजी म्हणाले, "मग त्यात एक तरी बरोबर आसंलच की. काढा सगळ्या." अमीनभाईंनी मोबाइलवर हिशेब केला. मिनिटाला एक काढली तरी नऊशे अकरा वर्षं. ("तवर मी ऱ्हातोय व्हय?" एवढंच म्हणाले.) पुढे तुम्ही लिहिलं होतं, की या संख्येला एकपासून बारापर्यंत प्रत्येकाने पूर्ण भाग जातो, पण तिच्यातून एक वजा करा, ती मूळ संख्या होते, मग एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. आकाराम भाऊजींनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "व्हय. एक रुसला की सगळंच आडतंय." त्यांना गणित कळलं की नाही माहीत नाही, पण त्यानंतर आवाज खाली आले.

नावं गोलात छापा, हा तुमचा उपाय सर्वांना पटला. पहिला कुणी नाही, शेवटचा कुणी नाही. (बोलत नसलेले दोघे समोरासमोर ठेवले, शेजारी नको म्हणाले.) मग गणपतीच्या बरोबर खाली कोण, यावर पुन्हा अडलं. तेव्हा अमीनभाईंनी गोल एकेका नावाने फिरवत बारा वेळा छापला, पन्नास-पन्नास प्रती. ज्याचं नाव वर, त्याला तो गठ्ठा. बाराही जण येणार आहेत. दादा, तुमचे उपकार मी विसरणार नाही.

तुमची,
संयोगिता

ता. क. गोल मोठा झाला आणि खाली मामाच्या नावाची ओळ असते, ती त्यात गेली. सहाशे पत्रिकांत तुमचं नाव कुठेच नाही. आम्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, अनुजाच्या आलं. ती म्हणते, मामा नसेल तर मला मांडवात आणणार कोण? रागावून या, पण या.

आणखी एक, गुरुवारी लिहिते. अनुजाने काल बसून सहाशेही पत्रिकांवर तुमचं नाव पेनाने लिहिलं. जागा फक्त गोलाच्या मध्यभागी होती. आज सकाळी गठ्ठे वाटले. दुपारपर्यंत सात फोन आले, मामाला मधला मान कसा म्हणून. दोन दिवस आधीच या. मध्यबिंदू मोजणीत धरत नाहीत, असं काही गणितात असेल तर लिहून आणा. नसेल तरी आणा.