अर्धे टाके चंदरचे

मी, दिनानाथ सखाराम चौलकर, वय एकसष्ट, धंदा गलबतांची शिडे शिवण्याचा, राहणार रेवदंडा, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, आज बलिप्रतिपदेच्या दिवशी माझ्या घराच्या ओटीवर बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाची बळजबरी नाही, मी नशापाणी केलेले नाही, आणि माझे मन ठिकाणावर आहे. हे शेवटचे वाक्य घातलेच पाहिजे असे अलिबागच्या वकिलांनी बजावले. ते मी आनंदाने घालतो. अकरा वर्षांपूर्वी घातले असते तर खोट्या लेखाबद्दल मला धरून नेले असते.

छातीचे दुखणे आता मागे हटणारे नाही. वैद्य माझी नाडी धरून पीकपाण्याच्या गोष्टी काढतात, त्यावरून मी काय ते समजलो. तक्रार नाही.

दिवस मात्र मी मुद्दाम निवडला आहे. आजची तिथी ती द्यूतप्रतिपदा. आज जुगाराला शास्त्राची मुभा आहे आणि आज जिंकेल तो वर्षभर जिंकेल, अशी आपल्याकडे समजूत. लग्नानंतरच्या पहिल्याच पाडव्याला माझा मेहुणा सदा याने मला हौसेने पत्त्यांना बसवले आणि दुर्दैवाने मी जिंकलो. पुढे पाडवा एका दिवसाचा असतो हे मी विसरलो. तीन पत्ती, बंदरावर कुठले गलबत आधी लागते ती पैज, नारळात पाणी किती निघते ती पैज. मला काहीही चालत असे. मधे एकदा तुळशीवर हात ठेवून शपथ घेतली होती. ती दुपारच्या जेवणापर्यंत टिकली.

कलम पहिले. माझे राहते घर, परसातील माड, आड आणि घरातील भांडीकुंडी मी माझी पत्नी वेणूबाई हिला देत आहे. तिच्या हयातीत त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. तिच्यानंतर ते आमचा मुलगा चंदर याचे.

हे दान नव्हे, ही थकलेली ओवाळणी आहे. शके १८४७ च्या पाडव्याला वेणूबाईने पाट मांडला, निरांजन लावले, आणि ताटात घालायला माझ्याजवळ काही नव्हते. ‘थांब, आलोच’ म्हणून मी बंदरावरच्या पानाच्या दुकानात गेलो. ओवाळणी जिंकून आणायला गेलेला माणूस संध्याकाळी परतला तो दुसऱ्याचे शीड हरून. निरांजन विझले होते, पण पाट तिने उचलला नव्हता. त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी कामापुरतेच बोलली, आणि त्या वर्षभरात एकदाही मला उपाशी निजवले नाही. आज सकाळी तिने ओवाळले तेव्हा मी ताटात घराची चावी ठेवली. ती म्हणाली, ‘ही तर माझ्याच कमरेला असते.’ खरे आहे. ते कागदावरही असावे, एवढ्यासाठी हे कलम.

कलम दुसरे. शिडाविषयी. याची हकीकत सांगितल्याशिवाय वाटणी समजणार नाही.

ते शीड नजमुद्दीनभाईंच्या गलबताचे होते. नजमुद्दीनभाई याच गावचे, दिवेआगरची सुपारी आणि नारळ भरून मुंबईला नेण्याचा त्यांचा व्यापार. कापड त्यांचे, मजुरी आमची. श्रावणापासून मी आणि चंदर परसात समोरासमोर बसून ते शिवत होतो. एका कडेकडून मी, दुसऱ्या कडेकडून तो, आणि मधोमध आमचे टाके भेटले. त्या दिवशी चंदर आपणहून म्हणाला होता की एवढे चांगले काम आपल्या हातून आजवर झाले नाही. तेच शीड मी डावावर लावले.

घरी येऊन सांगितले तेव्हा तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरे झाले असते. दाभण मेणाच्या गोळ्यात खोचून ठेवले आणि एवढेच म्हणाला, ‘बाबा, त्यात अर्धे टाके माझे होते.’

दुसऱ्या दिवशी तो मांडव्याहून मुंबईला गेला. माझगावच्या गोदीत ताडपत्र्या शिवतो. आईला दर दिवाळीला लुगडे पाठवतो, पत्र पाठवतो. त्या पत्रांत माझे नाव नसते. त्याचा तो हक्क आहे आणि या मृत्युपत्राने मी तो काढून घेत नाही.

चंदर गेला त्याच दिवशी नजमुद्दीनभाई शीड न्यायला आले. मी सगळे सांगितले आणि फौजदाराची वाट पाहत बसलो. ते उंबऱ्यावर टेकले. बराच वेळ त्यांनी पायातली वाळू झाडली. मग म्हणाले, ‘चल, ओहोटी लागलीय.’

रेवदंड्याच्या तटाखाली, खाडीच्या तोंडाशी खडक आहेत, ते ओहोटीला उघडे पडतात. तिथे मला त्यांनी लोखंडी टोचा देऊन खडकाला चिकटलेले शिंपले, म्हणजे कालवे, काढायला बसवले. शेजारी नीराबाई होती. नीराबाई कोळीण, मासळीचा मोठा धंदा, तिच्या जिभेला सारे बंदर भिते. मला वाटले, ही आता माझी सालटी काढणार. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. नजमुद्दीनभाई म्हणाले, ‘मी एक अख्खा मचवा मुंबैच्या घोड्यांवर हरलोय. ही आकड्यावर गल्यातला सोना हरलीय. तू शीड हरलायस. बस. ओल्या हातानी पत्ता धरता येत न्हाय.’

हेच त्यांचे औषध होते. उपदेश नव्हता, शपथ नव्हती. ओहोटी लागली की जायचे, भरती आली की उठायचे. कालवाची कड वस्तऱ्यासारखी असते. लक्ष दुसरीकडे गेले की बोट कापते, त्यामुळे पत्त्यांचा विचार फार वेळ करता येत नाही. पण विचार येतच. एकदा दोन बगळे समोरच्या खडकावर येऊन बसले. मी मनात म्हटले, डावीकडचा आधी उडणार. आणि का कोण जाणे, ते तोंडातून बाहेर पडले. नीराबाई टोचा थांबवून म्हणाली, ‘मी उजवा धरला व्हता रं.’ नजमुद्दीनभाई खाली मान घालून म्हणाले की त्यांनीही डावाच धरला होता. आम्ही तिघे एकमेकांकडे पाहत राहिलो आणि मग असे हसलो की दोन्ही बगळे एकदम उडून गेले. त्या दिवसापासून आमचा एकच नियम झाला: मनात पैज आली की ती उघड बोलायची. उघड्यावर आली की ती मरते, मासळीसारखी.

मी एकदम सुधारलो असे कोणी समजू नये. पुढच्याच शिमग्याला मी पुन्हा त्या दुकानात जाऊन बसलो. नीराबाईला कळले. ती आली, सुक्या बोंबलांची पाटी दुकानाच्या दारात ठेवली आणि तिच्याशेजारी पाय पसरून बसली. वासाने एकेक गिऱ्हाईक उठले, शेवटी मीही उठलो. दुकानदार आजही तिला पाहिले की पान लावायचे थांबतो.

हळूहळू मला समुद्र दिसू लागला. जन्म त्याच्या काठी गेला, पण वाऱ्याकडे मी पाहत असे ते कुठले गलबत आधी लागणार या हिशेबाने, आणि ढगाकडे पाहत असे ते पैज लावण्यासाठी. आता संध्याकाळी कोर्लईच्या डोंगरावर ऊन पिवळे होते ते नुसते पिवळे होते. खडकातल्या डबक्यात एखादा खेकडा आपल्या घरात शिरायला आडवा-तिरपा धडपडतो, त्याला मी वाट करून देतो. केवड्याचा वास येतो. यातले काही जिंकावे लागत नाही. इतकी वर्षे हे सारे मला कोणी भाडे न मागता दिले, त्याबद्दल कोणाचे उपकार मानायचे हे मला ठाऊक नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आता शीड. नजमुद्दीनभाईंनी ते जिंकणाऱ्याकडून आपल्या पदरच्या पैशाने सोडवले आणि मला त्याचा आकडा आजतागायत सांगितला नाही. त्यांच्या गलबतावर ते झिजेपर्यंत चालले. झिजल्यावर एका सकाळी त्यांनी ते माझ्या अंगणात आणून टाकले आणि म्हणाले, ‘बघ. कापड फाटला, टाके न्हाय सुटले. तुझे न्हाय, पोराचे पन न्हाय.’ मी त्या दिवशी रडलो, हे वेणूबाईला माहीत आहे. हल्ली ते परसात सावलीला बांधलेले असते. माझे टाके डावीकडे कलतात, चंदरचे सरळ आणि घट्ट आहेत. कोणालाही ओळखता येतील.

या शिडाचा माझ्या टाक्यांचा अर्धा भाग मी चंदर याला देत आहे. दुसरा अर्धा देत नाही, कारण तो त्याचाच आहे. जे माझे नव्हते ते मी एकदा दिले आहे. पुन्हा देणार नाही.

कलम तिसरे. माझी दाभणे, मोठी कात्री, मेणाचा गोळा आणि तळहाताला बांधायची कातड्याची पट्टी चंदरला. त्याच्या जागेवरचे दाभण त्याने ठेवले तसेच आहे. दुसऱ्या कोणी त्या जागेवर बसू नये म्हणून मी तिथे नारळाच्या करवंट्या रचून ठेवल्या आहेत. त्या बंबात घालाव्या.

कलम चौथे. मेहुणा सदा याला माझी छत्री. ती गळते, हे मला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे. तो ती घ्यायला नक्की येईल, तेव्हा त्याला जेवायला घालावे. त्याच्यावरचा राग मी या छत्रीबरोबर मिटवीत आहे.

कलम पाचवे. माझा कालवे फोडायचा टोचा, पत्ते टाकून त्या खडकावर पुढे जो कोणी येईल त्याला. वकील म्हणाले, नाव-गाव नसलेल्या माणसाला कायद्याने काही देता येत नाही. येईल तेव्हा त्याला नाव असेलच. तोवर टोचा नीराबाईच्या दाराआड राहील.

कलम सहावे. नजमुद्दीनभाई आणि नीराबाई यांना मी काही देऊ शकत नाही, याचे कारण लिहितो. ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी निक्षून सांगितले. नजमुद्दीनभाईंना माझी शिसवी पेटी देण्याचे, आणि नीराबाईला परसातले दोन माड देण्याचे माझ्या मनात होते. मी दोघांना विचारले, वाटा घेता की साक्ष करता. दोघांनीही क्षणाचा विचार न करता साक्ष मागितली. नीराबाई म्हणाली, ‘अकरा वरसं दुसरं काय केलं मी?’ म्हणून या दोघांना माझ्याकडून काही नाही. पेटी आणि माड पहिल्या कलमाप्रमाणे वेणूबाईकडे जातात. या दोघांचे मजवर जे आहे ते कुठल्याही कलमात मावत नाही. मी सुखाने मरतो आहे, त्याचे कारण हे दोघे आहेत.

कलम सातवे. माझ्या दिवसकार्यात जागरणाच्या निमित्ताने कोणी पत्ते आणू नयेत. आणलेच तर नीराबाईला पाटी घेऊन बोलवावे. अस्थी ओहोटीला खडकाजवळ सोडाव्या. चंदर असेल तर त्याने, नसेल तर नजमुद्दीनभाईंच्या गलबतातून सदाने.

चंदर गेल्या महिन्यात मांडव्याच्या धक्क्यावर नजमुद्दीनभाईंना भेटला. माझ्या दुखण्याची बातमी त्याला त्यांनी दिली. बोट सुटताना त्याने विचारले की बाबांच्या हाताला कालवे लागत नाहीत ना. हे वाक्य मला नजमुद्दीनभाईंनी तीन वेळा सांगितले, कारण मी तीन वेळा विचारले. आमच्या नियमाप्रमाणे मनात आहे ते मी उघड लिहितो: चंदर येईल, अशी माझी आशा आहे.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. करण्यासारखे तेव्हा काही उरतच नव्हते. या पाडव्याला मला खडकापर्यंत चालवले नाही, म्हणून संध्याकाळची ओहोटी आटोपून माझी मंडळी ओटीवर आली आहे, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मी सही करीत आहे.

मुक्काम रेवदंडा, कार्तिक शुद्ध प्रतिपदा, शके १८५८, धातानाम संवत्सर, रविवार, ता. १५ नोव्हेंबर १९३६.

सही
दिनानाथ सखाराम चौलकर

साक्षीदार. वरील सही आमच्यासमोर झाली आणि आम्ही एकमेकांसमोर साक्ष केली.

१. नजमुद्दीन, व्यापारी, राहणार रेवदंडा. सही.

२. नीराबाई, मासळी विकणारी, राहणार रेवदंडा कोळीवाडा. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. अंगठा खाऱ्या पाण्याने ओला असल्यामुळे ठसा पसरला आहे; तो तिचाच आहे.

खाडाखोडीविषयी. या लेखात एकच खोड आहे. सातव्या कलमाच्या अखेरीस मी मूळ ‘चंदर येईल, अशी माझी पैज आहे’ असे लिहिले होते. लेख वाचून दाखवताना नीराबाईने मला तिथे थांबवले. म्हणाली, ‘ही पैज न्हाय. पैजंत एक जिंकला त दुसऱ्याला हरावं लागतं. पोर घरी आला त हरंल कोन?’ नजमुद्दीनभाईंनी दौत पुढे सरकवली. ‘पैज’ हा शब्द खोडून ‘आशा’ हा शब्द मी माझ्या हाताने घातला आहे. तो खरा धरावा.

सही
दिनानाथ