म्हाताऱ्या गुप्तहेराचा सिनेमा

अण्णा, परवाच्या रविवारी तो सिनेमा पुन्हा पाहिला. गुप्तहेराचा, दुसरा भाग. पहिला भाग तर अजूनही सणासुदीला टीव्हीवर लागतो, लोकांना त्यातले संवाद पाठ आहेत. दुसऱ्याचं नाव काढलं की आमच्या प्रयोगशाळेतली पोरं हसतात. म्हणतात, मॅडम, त्यात काहीच घडत नाही, एक म्हातारा नुसता दारोदार फिरतो. मी त्यांच्याशी भांडत नाही. पण तुमच्याशी त्याबद्दल बोलावंसं वाटलं, म्हणून लिहितेय.

पहिला भाग आपण परभणीला पाहिला तेव्हा मी शाळेत होते. गुप्तहेर चहाच्या मळ्यातल्या मुकादमाला खुनाबद्दल पकडतो, सगळा गाव त्याच्या विरुद्ध साक्ष देतो, आणि टॉकीजमध्ये नुसत्या शिट्ट्या. परतीच्या पॅसेंजरमध्ये तुम्ही मला विचारलं होतं, "तुला कवा कळलं खुनी कोन ते?" मी खोटंच सांगितलं, पहिल्यापासून. आपल्या पिंगळीला उतरेपर्यंत तुम्ही हसत होतात.

दुसरा भाग आला तेव्हा मी सासर सोडून घरी आले होते. नवऱ्याचं नांदेडला दुसरं बिऱ्हाड होतं, लग्नाच्या आधीपासूनचं, आणि त्याच्या गावात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लग्न ठरवताना तुम्ही त्याच गावात चौकशीला गेला होतात. पारावर विचारलं, किराणा दुकानात विचारलं, सगळ्यांनी सांगितलं की पोरगं सोन्यासारखं आहे. माझं शिक्षण अर्ध्यावर थांबवून तुम्ही अक्षता टाकल्या. आता मी माजघरात बसून असायची आणि आत्या रोज येऊन तुम्हाला ऐकवायची, "आरं, पोरीला धाडून दे. गड्याच्या जातीला असं चालतंय. लोकं काय म्हनतील?" तुम्ही ऐकून घ्यायचात आणि स्टेशनात ड्यूटीवर जाऊन तिकिटाच्या खिडकीवर बसायचात. माझ्याशीही बोलत नव्हतात. मला वाटायचं, तुम्ही मनातल्या मनात माझं परतीचं तिकीटच फाडताय.

मग एका सकाळी तुम्ही आईला म्हणालात, "हिला घेऊन परभनीला जायलोय. सिनेमाला." आईनं हातातलं पीठ तसंच ठेवलं. "आत्ता? सिनेमा?" तुम्ही चप्पल घालत होतात.

दुपारचा खेळ, टॉकीज जवळजवळ रिकामं. पडद्यावर तो गुप्तहेर आला तर केस पिकलेले, चालताना गुडघा धरतोय. मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, ह्यो तर म्हातारा झाला की." मारामारी नाही, गाणं नाही. मध्यंतरात होते त्यातलेही बरेच जण उठून गेले. तुम्ही मात्र पुढच्या खुर्चीची पाठ धरून बसला होतात.

त्यात घडतं ते एवढंच, की गुप्तहेराला फार वर्षांनी कळतं, आपण पकडलेला मुकादम निर्दोष होता आणि तो तुरुंगातच मेला. मग तो त्याच गावात परत येतो. त्या वेळी साक्ष दिलेल्या एकेकाच्या दारात जातो. कोण पाणी देतं, कोण दार लावून घेतं. आणि त्याच्या लक्षात येतं की तेव्हा आपण सगळ्या गावाला विचारलं, फक्त मुकादमाच्या बायकोला काही विचारलं नव्हतं. शेवटी तो तिच्या घरी पोचतो. परवा बघताना मला जाणवलं, असा सिनेमा काढायला किती धाडस लागलं असेल. ज्या माणसासाठी लोकांनी शिट्ट्या वाजवल्या, त्यालाच चुकलेला दाखवायचं, आणि चुकल्यावर काय करायचं तेही दाखवायचं. पहिल्या भागात तो हुशार आहे. दुसऱ्यात तो मोठा होतो. लोकांना हुशार हवा होता, म्हणून सिनेमा पडला.

सुटल्यावर आपण स्टेशनसमोरच्या हॉटेलात चहा घेतला. तुम्ही बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

"म्या बी त्येच्यावानीच केलं," तुम्ही म्हणालात. "समद्या गावाला इचारलं. तुला न्हाई इचारलं."

मी माझा कप खाली ठेवला.

"आता इचारायलोय. जायचंय का तुला परत?"

"न्हाई."

"शिकायचंय?"

मी मान डोलावली. तुम्ही बशी उचललीत, गार झालेला चहा पिऊन टाकलात आणि म्हणालात, "मग झालं."

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून तुम्ही एकटे त्या गावी गेलात आणि माझी पेटी, गुणपत्रकं, सगळं घेऊन आलात. तिथं काय बोलणं झालं ते आईलाही कधी सांगितलं नाहीत. आत्या आल्यावर तिला चहा दिलात आणि म्हणालात, "आक्का, ती हितंच ऱ्हाती. कॉलेजात जायलीय." तिकिटाच्या खिडकीवर कुणी खोचून विचारलं, लेक सासरी कवा जायलीय, की हेच उत्तर, तिकिटाबरोबर. परभणीच्या ज्या कृषी विद्यापीठात शिकले, तिथंच आज मी माती तपासते. शेतकरी पिशवीत माती घेऊन येतात, शेजाऱ्यानं काय खत टाकलं ते सांगतात. मी म्हणते, शेजाऱ्याचं राहू द्या, आधी तुमच्या मातीला विचारू. ही सवय तुमची.

तुम्ही आता नाही, हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. टॉकीजमधून बाहेर पडताना तुम्ही विचारलं होतं, शेवट कसा वाटला, आणि मी म्हणाले, लय चांगला. अण्णा, शेवट मी पाहिलाच नव्हता. त्या बाईनं दार उघडलं आणि तुम्ही चष्मा काढून उपरण्यानं डोळे पुसायला लागलात. त्यानंतर पडद्यावर काय झालं ते मला परवाच कळलं. तोवर मी तुमच्याकडंच बघत होते.