गुरुवारी अकराला तुला फोन येईल

आमच्या घराण्यातल्या पहिल्या आणि बहुतेक शेवटच्या मुख्याध्यापिकाबाईंना, म्हणजे माझ्या धाकटीला, तिच्या अर्धशिक्षित ताईचा पोटभर आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? माझा डावा बरा आहे, उजव्याचं विचारू नकोस, तो हल्ली माझं ऐकत नाही. तुझे यजमान बरे असतील. (त्यांना हे पत्र वाचायला देऊ नकोस. का ते पुढे कळेल.) फोनच करणार होते, पण मला नीट ऐकू यायचं तर तो मोठ्याने लावावा लागतो आणि मग मुलगा, सून, खालच्या मजल्यावरचे शिंपी, सगळेच तुझी खुशाली ऐकत बसतात. परवा शिंपी मला जिन्यात म्हणाले, बहिणीला गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायला सांगा. म्हणून लिहायला बसले. चौथीपर्यंतचं अक्षर आहे. लाल शाईने दुरुस्त करत बसू नकोस, नुसतं वाच.

बातमी अशी की मी छापून येणार आहे. हसू नकोस. धाकट्या नातीच्या विद्यापीठात मुलंमुली मिळून एक मासिक काढतात आणि आमची नात त्याची संपादक आहे. संपादक म्हणजे लिहायचं दुसऱ्याने आणि खोडायचं हिने. या मासिकात कथा नाही, कविता नाही, मनचं काहीच नाही. जे घडलं तेवढंच. मी म्हटलं, अगं, मग वाचणार कोण? तर म्हणे, आजी, खरं असतं तेच जास्त मजेशीर असतं. (अजून संसार पडला नाही ना अंगावर.)

तर या खऱ्याच्या पोरांनी मागे एका अंकात एका जुन्या प्राध्यापकांना दिवंगत करून टाकलं. तिसऱ्या दिवशी दिवंगत स्वतः तीन जिने चढून आले, काखेत अंक. पोरांची बोबडी वळली. पाणी दिलं, माफी मागितली, पुढच्या अंकात छापलं की सदर प्राध्यापक हयात आहेत, संपादक मंडळ दिलगीर आहे. ते पुन्हा तीन जिने चढून आले. म्हणाले, मी हयात आहे याबद्दल तुम्ही दिलगीर आहात का? प्रकरण वरपर्यंत गेलं. विभागप्रमुखांनी सांगून टाकलं की आता एक गोष्ट जरी खोटी निघाली तर मासिक बंद, आणि मासिकाच्या खोलीत झेरॉक्सचं मशीन. तेव्हापासून पोरांनी नियम केलाय. कुठलीही गोष्ट दोन माणसांनी वेगवेगळी, पण सारखीच सांगितली तरच छापायची.

आणि नेमका येत्या अंकात नातीने माझ्यावर लेख लिहिलाय. कशाबद्दल ते तू ओळखलंसच. मी अकरा वर्षांची, चौथीत. परीक्षेच्या सकाळी शाळेची पितळी घंटा खुंटीवरून काढली आणि विहिरीत टाकली, का, तर घंटा वाजली नाही की शाळा भरायची नाही. शाळा भरली, शिपाईदादांनी डबा बडवून भरवली. गुरुजींनी सगळ्यांना रांगेत उभं करून विचारलं, मी पुढे झाले, हजेरीतून माझं नाव गेलं आणि माझं शिक्षण संपलं. ही गोष्ट मी मुलांना सांगितली, नातवंडांना सांगितली, दातांच्या डॉक्टरांना तर तोंडात कापूस असताना सांगितली. दर वेळी विहीर थोडी खोल होत गेली, ते सोड. पण मुखपृष्ठावर माझा फोटो आहे गं! चष्म्यासकट! खाली लिहिलंय, ‘घंटाचोर’. सुनेने तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, तुझ्या माहेरच्या कोणाचा येतो का बघ.

मंगळवारी मला त्यांनी तपासणीला बोलावलं. जिने चढायला मला अर्धा तास लागला (त्या दिवंगतांचं मला कौतुक वाटलं). खोली म्हणशील तर आपल्या माजघराएवढी. एक जुनं दार आडवं टाकून त्याचं टेबल केलंय, कडी अजून तशीच आहे, त्या कडीला कात्री टांगलेली. दोरीवर छापील पानं चिमट्यांनी लावलेली, मला वाटलं वाळत घातलीत. चार पाय असलेली एकच खुर्ची होती ती मला दिली आणि समोर बसली एक काडीपैलवान मुलगी, कानामागे पेन्सिल खोचलेली. ही तपासणारी. नात संपादक असली तरी स्वतःचा लेख तिने तपासायचा नाही, म्हणून तिला दाराबाहेर काढली होती. बाहेरून तिची सारखी येरझार ऐकू येत होती.

पेन्सिलवालीने माझा घामटा काढला. वार कुठला, विहिरीला कठडा होता का, घंटेला दांडा होता की साखळी. मी म्हटलं, बाळ, माझं लग्न ठरवताना इतकं कोणी विचारलं नव्हतं. हसली नाही. पेन्सिलीने खूण केली. तसा सगळा लेख तिने पास केला, एक प्रश्न शिल्लक ठेवला आणि म्हणाली, आता दुसरा साक्षीदार. साक्षीदार नाही मिळाला तर चार पानं कोरी, मुखपृष्ठ रद्द, आणि चुकीचं छापलं गेलं तर मासिकच गेलं. नात घरी येऊन जेवली नाही. म्हणाली, आजी, तुझ्यावर विश्वास आहे, पण नियम मीच केलाय.

तर पुढच्या आठवड्यात गुरुवारी अकराला पेन्सिलवाली तुला फोन करेल. गुणी मुलगी आहे. तुला जे आठवेल ते खरं खरं सांग. बाकी सगळं ठीक. गुडघ्याला जप.

तुझी
ताई

ता. क. ‘आठवेल ते खरं खरं सांग’ हे लिहिलं तेव्हा नात खांद्यावरून वाचत होती. आता ती अंघोळीला गेली आहे. आठवेल ते अजिबात सांगू नकोस. घंटा ताईने काढली, एवढंच सांग. मला माहीत आहे, तू जन्मभर पोरांना खोटं बोलू नका सांगत आलीस आणि दर भेटीत हा विषय काढतेस, म्हणून तर मी दर वेळी भांडी घासायला उठते. आता तोंड पाडू नकोस. रांगेत तू सात वर्षांची, फ्रॉकचं टोक चावत उभी होतीस. मी पुढे झाले नसते तर तू बोलली असतीस आणि मुख्याध्यापिका कोण झालं असतं, मी? मला बेरजासुद्धा सोसत नव्हत्या. माझी सुटका झाली, वर नाव झालं. पासष्ट वर्षं चोर मी आहे. आता फोटो छापायच्या वेळी मध्ये येऊ नकोस. आणि नियम त्यांचाच आहे ना, दोन माणसांनी सारखं सांगितलं की झालं. त्या दिवसाची आपण दोघीच तर उरलोय.

ता. क. दुसरा. तो शिल्लक प्रश्न. मी बोलून गेले की खुंटी इतकी उंच होती की शिपाईदादांनाही चवड्यांवर उभं राहावं लागायचं. तिने लगेच विचारलं, मग आजी, तुमचा हात कसा पोचला? मी म्हटलं, आठवून सांगते. तुला फोन झाला की दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ती उत्तरासाठी घरी येतेय, आणि तुलाही फोनवर विचारणार. तेव्हा उलट टपाली कळव. बाक ओढलंस? खिडकीत चढलीस? तू जे केलंस तेच मी केलं म्हणून सांगेन. आणि पेन्सिलवालीचं राहू दे बाजूला, मलाच केव्हापासून विचारायचंय. इतकीशी होतीस गं. काढलीस तरी कशी?