शिडीमागचा अर्धा तक्ता

१२ मार्च

ती. ताईस सा. न.,

दीड महिना हे पत्र टाळलं. शाई संपली, हात रंगाने बरबटलेले होते, असल्या थापा तुझ्यापुढे चालायच्या नाहीत. खरं सांगते, तुझी भीती वाटत होती.

सध्या एका दवाखान्याच्या भिंती रंगवतेय. पिवळ्या, त्याही काविळीसारख्या. हा रंग निवडणाऱ्याला एकदा भेटायचंय मला... पण ते राहू दे. रंगाआधी भिंतीवरचे तक्ते उतरवावे लागतात. त्यातला एक ओळखीचा निघाला. गेल्या वर्षी दुसऱ्या दवाखान्यात तोच वाचून मी तुला थर्मामीटर धाडून कळवलं होतं, की मूल राहावं म्हणून रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी तो लावायचा आणि पारा जरासा चढला की तोच दिवस गाठायचा. तेव्हा तक्त्याच्या खालच्या अर्ध्यावर माझी शिडी टेकलेली होती गं! ती सरकवायचा कंटाळा केला. खाली लिहिलंय, पारा चढतो तो बीज बाहेर पडून गेल्यावर. धरायचे ते आधीचे पाच-सहा दिवस. तेव्हा अंड्यातल्या पांढऱ्यासारखा निसरडा, ताणला जाणारा स्राव होतो, ती खूण.

नर्सबाईंना विचारून खात्री केली. त्या म्हणाल्या, त्या दिवसांत एक दिवसाआड जवळ आलात तरी पुरे. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आत्तापासूनच सुरू कर म्हणाल्या.

सात महिने तू स्वतःला दोष देत होतीस आणि दोष माझ्या शिडीचा. भावजींना सांगू नकोस. किंवा सांग. शिव्या देऊन झाल्या की उरलेली माया पाठव.

तुझी धाकटी

२१ मार्च

चि. भटकभवानीस अ. आ.,

पत्र वाचून शिलाई मशीन थांबवलं, रडले, मग इतकी हसले की माप द्यायला आलेल्या बाई घाबरल्या. माझ्याच शरीरात खोट आहे असं धरून बसले होते मी. नुसता उशीर होत होता, हे कळल्यावर छातीवरचा धोंडा उतरला.

तुझ्या भावजींना सांगितलं. गावाची घड्याळं दुरुस्त करणारा माणूस सात महिने दर खेपेला दोन दिवस मागे चालत होता, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलंय. तुझ्याशी जन्मात बोलणार नाहीत म्हणे. पण सिगारेट सोडलीय, आणि माझ्या गोळीसाठी सकाळी आठचा गजर लावलाय, तोही तीन घड्याळांत. कपडे बेतायच्या कागदावर काढलेला माझा आलेख फाडला नाही. आता पारा चढण्याआधीचे दिवस खडूने रंगवते.

वेळेवर जेव. शिडीवरून वाकू नकोस. माया उरलीय, काळजी नको.

तुझी ताई

४ जून

ती. ताईस सा. न.,

अडीच महिने तुझी एक ओळ नाही. या खेपेलाही काही झालं नसेल आणि तू पुन्हा मनातल्या मनात कुढत असशील, या विचाराने कालपासून एकच खिडकी दोनदा रंगवली. आता शाळेचं काम आहे, निळा रंग, बरा आहे. हे शिडीवर बसूनच लिहितेय. नाही जमलं तर नाही, पण कळव तरी. तपासायला जायचं तर मी येते सोबत, दोघांना दोन्ही हातांना धरून ने...

थांब, शिडी हलतेय.

ताई, खाली भावजी! खिशात तो थर्मामीटर, आता काही महिने लागायचा नाही म्हणून तू परत धाडलेला म्हणे. जन्मात न बोलणारा माणूस दोन्ही हातांनी शिडी धरून ओरडतोय, आधी खाली उतर, मावशीचे हातपाय मोडून चालणार नाहीत म्हणून.