अंगठ्याखालचा एक्स

सोमवार, ३ फेब्रुवारी. इलोइलो, फिलिपिन्स.
शुक्रवारी माझा परीक्षेचा पाठ. आठवी ब. विषय : रेषा दोन्ही अक्षांना कुठे छेदते. पाक्लिबार मॅडम मागे बसून गुण देणार. पास झाले तरच शिक्षिका. घाबरण्यासारखं काही नाही. सहावीपर्यंत कोरिंगआत्यानं मला घरीच शिकवलं. पाया पक्का आहे. आजपासून काळजी बंद.

मंगळवार. पहाटे ५.
ही काळजी नव्हे, तयारी. मनिला पेपरच्या मोठ्या तपकिरी कागदावर आलेख काढला. एक चौकोन दीड मिलिमीटर मोठा निघाला. मुलांची फसवणूक नको. पुन्हा काढला.

बुधवार.
सरावाच्या तासाला आत्याची युक्ती शिकवली : एक्स-अक्षावरचा बिंदू हवा, तर एक्सवर अंगठा ठेवून तो झाकायचा. 2x + 3y = 12. उरलं 3y = 12. उत्तर चार. म्हणून एक्स-अक्षावर चार, वाय-अक्षावर सहा. वर्ग खूश. फक्त जेसमीन म्हणाली, माम, पुस्तकात उलटं आहे. छपाईच्या चुका असतात गं, म्हटलं. समीकरणात उत्तर घालून ताळा करायचा, हा माझा नियम. पण आत्याचा ताळा करणं म्हणजे तिचा अपमान.

गुरुवार.
एकोणचाळीस वह्या तपासल्या. अडतीस जणांना दहापैकी दहा. जेसमीनला शून्य. न्याय म्हणजे न्याय.
परीक्षकांना खाऊ घालायची इथे पद्धतच आहे, लाच नव्हे. तरी मनाला टोचलं, म्हणून पान्सितच्या शेवयांतली कोळंबी निम्मी काढली. मग कंजूषपणा दिसेल म्हणून परत घातली.

शुक्रवार. दुपारी ३.
पाठ झाला. जेसमीन उभी राहिली : माम, एक्सला चार घेतले तर बे चोक आठ, आणि वाय शून्य. मग बारा कुठे गेले? मी अंगठा आणखी जोरात दाबला. बारा आले नाहीत. वर्ग हसला. पाक्लिबार मॅडमनी चष्मा काढून ठेवला.
आत्याला फोन केला. ती ओरडलीच : अगं वेडे, हवा तो उघडा ठेवायचा, नको तो झाकायचा! अर्धं ऐकून तू अंगठ्याला लागलेली शाई धुवायला पळायचीस, त्याला मी काय करू?
जेसमीनच्या शून्याचे दहा केले. माफी मागितली. म्हणाली, असू दे माम, पुढच्या वेळी आधी मला दाखवा.

सायंकाळी ५.
शेरा हाती आला. 'विषयज्ञान : सोमवारी पुन्हा पाठ घ्यावा. पान्सित : उत्तम.'
म्हणजे निम्मी पास झालेच. आजपासून काळजी बंद. सोमवारी कोळंबी दुप्पट.