बोगद्यातली पंचवीस मिनिटं

प्रिय धाकट्या,

मंगळवारी मी कोर्टाच्या जुन्या वस्तीत जाऊन आले. भुयारी गाडीने, एकटी. यात कळवण्यासारखं काय, असं तुला वाटेल. पण सहा वर्षांत मी पहिल्यांदाच तीन तासांसाठी घराबाहेर पडले. बाबांचं विसरणं वाढल्यापासून त्यांची खोली, स्वयंपाकघर आणि कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान एवढाच माझा मुलूख. दाराला वरची कडी घातल्याशिवाय मी आंघोळीलाही जात नाही. मागे एकदा ते अनवाणी चौकापर्यंत पोचले होते. कडी त्यांच्यासाठी घालते, पण आत आम्ही दोघंही असतो.

शेजारच्या काकू एक वाजेपर्यंत बसायला कबूल झाल्या. पुढे त्यांना दवाखान्यात जायचं होतं. मी सगळं कागदावर लिहून दिलं. चहा कोमट, टीव्हीचा आवाज बारीक, आणि आई कुठे म्हणून विचारलं तर 'येईलच आता' म्हणायचं. काकू म्हणाल्या, "जा गं बाई, मला काय वाघाच्या पिंजऱ्यात बसवते आहेस?" तरी जिना उतरून मी दोनदा परत वर गेले.

दोन स्टेशनं राहिली असताना गाडी बोगद्यात थांबली. निम्मे दिवे गेले, वारा बंद झाला. बिघाड आहे, शांत राहा, एवढंच भोंग्यातून दोनदा सांगितलं. फोनला रेंज नव्हती. समोरची बाई वहीने स्वतःला आणि मला आलटून पालटून वारा घालत होती. मी सारखी घड्याळ बघत होते. काकू निघून जातील, बाबा दाराशी येतील, जिना उतरतील. मग पंधराएक मिनिटांनी एक विचित्र गोष्ट झाली. मनात आलं, आत्ता इथे मला कोणी हाक मारू शकत नाही. खांदे आपोआप सैल पडले. पंचवीस मिनिटांनी गाडी सुटली, सगळ्यांनी सुस्कारे टाकले, आणि मला वाईट वाटलं. या वाईट वाटण्याची लाज मला अजून वाटते आहे.

वस्ती फारशी बदललेली नाही. त्याच काळवंडलेल्या दगडी कमानी, खिडक्यांत छतापर्यंत रचलेल्या फायली, वकिलांचे झगे शिवणारा शिंपी. तू शाळेत होतास तेव्हा मी तिथेच कायद्याच्या पुस्तकांची बांधणी करायचे. दुकान अजून आहे. मालकीणबाई म्हाताऱ्या झाल्यात, पण बोटांना खळ तशीच चिकटलेली. त्यांनी मला लगेच ओळखलं. एक सुटं पुस्तक हातात दिलं आणि म्हणाल्या, "शिव बघू." चार टाके वाकडे गेले, पाचवा सरळ पडला. "आठवड्यातून तीन दिवस ये," त्या म्हणाल्या. विचारून सांगते, असं बोलून मी बाहेर आले. विचारणार कोणाला होते, देव जाणे.

ज्यांच्याकडे मुळात गेले होते, त्या वकीलबाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर. खिडकी रंगाने कायमची चिकटून बसलेली, उघडतच नाही. त्यांनी अर्ज पुढे सरकवला. बाबा आहेत तोवर त्यांची पालक म्हणून माझ्या एकटीचं नाव. तू पाठवलेलं संमतिपत्र माझ्या पर्समध्ये होतं. एरवी उत्तराला महिना लावतोस, हे मात्र चौथ्या दिवशी आलं. खाली तुझ्या अक्षरात 'ताई करेल ते योग्यच'. मी पेन उघडलं. बाईंनी सहज विचारलं, "घरात बघणारं दुसरं कोणी आहे का?" नाही, हे उत्तर माझ्या तोंडात बसलेलं आहे. सगळ्यांना मी तेच देते. त्या दिवशी म्हणाले, "आहे. धाकटा भाऊ आहे."

घरी पोचायला पावणेदोन झाले. बाबा झोपले होते. दवाखाना बुडवून काकू उशाशी बसल्या होत्या.

तर धाकट्या, तुझं संमतिपत्र मी दिलं नाही. अर्जात आता दोघांची नावं आहेत. येत्या आठवड्यात तुला कोर्टाची नोटीस येईल, आणि नुसती सही पाठवून भागणार नाही, हजर व्हावं लागेल. शिपायाच्या हातून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. मालकीणबाईंना मी होकार कळवलाय. पुढच्या महिन्यापासून सोमवार, मंगळवार आणि बुधवार मी दिवसभर घरी नसेन. त्या तीन दिवसांचं काय करायचं, ते आता तू बघ. बाबा तुला ओळखणार नाहीत. मलाही 'अहो बाई' म्हणतात. ते मनाला लावून घेऊ नकोस. रागावला असशील तर रागातच ये, पण ये.

तुझीच,
ताई