पांढऱ्या पेशींचा आकडा

प्रिय धाकट्या,

तुझ्या नव्या गोळीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून मी लॅबमध्ये दर आठवड्याला तुझं रक्त तपासायचे. त्या गोळीने तुझ्या कानात बोलणारे आवाज थांबले आणि आजाराच्या सात वर्षांनंतर पहिल्यांदा तू आईला विचारलंस, "चहा टाकू का?" गोळीमुळे रक्तात चरबी इतकी वाढली की नळीतला द्रव दुधासारखा दिसायचा, तरी आम्ही खूश होतो.

मग पांढऱ्या पेशी घटल्या. डॉक्टरांना कळलं असतं तर गोळी बंद झाली असती. तू म्हणालास, "ताई, मला परत त्या आवाजांत ढकलू नकोस." मी रिपोर्टवर मागच्याच आठवड्याचा आकडा लिहिला.

चार दिवसांत तुला ताप चढला. जंतूंशी लढायला अंगात काही उरलंच नव्हतं. मी डॉक्टरांपुढे सगळं कबूल केलं. गोळी बंद झाली, ताप उतरला, तू वाचलास, आणि ते आवाज परत आले.

आज वॉर्डच्या काचेपलीकडून तू नर्सला म्हणालास, "त्या बाईला घालवा, ती माझ्या रक्ताबद्दल खोटं बोलते."

"मनावर घेऊ नका," नर्स मला म्हणाली, "त्यांना भास होतात."

हा भास नव्हता, हे मी तिला सांगितलं नाही.

माझ्या हातचा कागद तू आता घेणार नाहीस. पण एकदा ताई म्हण रे.

तुझीच,
ताई